शाई प्यायलेली होदन

"कुराणातली आख्खी आयत तोंडपाठ आहे मला, शेखबाबा. मग भीती का जात नाही?"

होदननं विचारलं. सोमाली उंटवाल्यांच्या त्या वस्तीत पाठांतरात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ती कुणाला विसरूही देत नसे.

म्हाताऱ्या शेखबाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. पोरीचे ओठ काळेकुट्ट!

"पाटी धुऊन प्यायलीस वाटतं?"

वस्तीत तशी रीतच होती. लाकडी पाटीवर कोळशाच्या शाईनं आयत लिहायची, आणि आजाऱ्याला ती धुऊन पाजायची.

"प्याले. तळाचा गाळसुद्धा."

"मग?"

"मग काय... आयत आणि भीती, दोघी पोटात शेजारी शेजारी बसल्यात."

शेखबाबा खुदकन हसले. होदन हसली नाही.

तिची आई सांडण्या घेऊन कधीची लांबच्या कुरणात गेली होती. आज कळप कोरड्या नदीपलीकडच्या विहिरीवर थांबणार होता, तोही पाणी पिण्यापुरताच. मग थेट पावसाळ्यापर्यंत आई दिसायची नाही. आणि नदीच्या पात्रात तर तरस फिरत असे.

"निजताना आईची चादर तोंडावर घेते मी," होदन हळूच म्हणाली. "आता तिचा वाससुद्धा उरला नाही त्यात... भीती गेली ना, की लगेच निघते."



ठक... ठक...

नदीपलीकडून सांडणीच्या गळ्यातली लाकडी घंटा ऐकू आली.

वस्तीभोवतीच्या काटेरी कुंपणाआत उंटाचं एक पिल्लू धडपडत उठलं. अशक्त म्हणून त्याला मागे ठेवलं होतं. घंटा त्याच्या आईची होती.

शेखबाबांनी काठी उचलली, आणि कुंपणाच्या तोंडाशी लावलेली काटेरी फांदी बाजूला ओढली.

पिल्लू बाहेर आलं. समोर उघडा माळ. वाऱ्यावर तरसाचा वास आला असावा. बिचारं जागच्या जागी कापू लागलं.

ठक... ठक...

ते निघालं.

"अगं बाई, थांब ना!" होदन त्याच्यामागे धावली. "शेखबाबा, तेही भ्यालंय हो! पाय बघा त्याचे, कसे लटपटतायत!"

काटेरी कुंपण तिच्या पाठीमागे राहिलं होतं. शेखबाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"लटपटू देत गं पोरी... चाललेत कुठं, ते बघ."