बेलसाहेबाची रांगोळी

"सून कामाची आहे हो, पण देव तिला जीभ द्यायचाच विसरला," दुभाषेकाकू शेजारणीला सांगत होत्या. भिंतीच्या अलीकडे त्यांची सून द्वारका डाळ निवडत होती. तिने ऐकलं आणि एक खडा जरा जोरात भिरकावला.

लग्नाला महिना झाला होता. नवरा शिकायला पुण्याला. महिनाभरात तिच्या तोंडून 'हो' आणि 'वाढू का' यापलीकडे शब्द निघाला नव्हता, हे खरंच. पण त्या घरात बोलायला फट सापडेल तर ना! सासरे त्र्यंबकपंत मोरझरी संस्थानचे दुभाषी, त्यांना दोन भाषांत बोलायची सवय. सासूबाई एकाच भाषेत बोलत, पण दोघांइतकं.

तेवढ्यात त्र्यंबकपंत पगडी काखेत मारून आले. "नोकरी गेली. घर सरकारी, म्हणजे घरही गेलं!"

मोरझरीत एक जुना रिवाज होता. राजवाड्यात पाहुणा आला की दाराशी त्याच्या आडनावाची रांगोळी हवी. नांगरे आले, नांगर काढला. वाघमारे आले तेव्हा वाघ जिवंत काढावा की मेलेला, यावर दोन दिवस खल झाला. ढमढेरे आले तेव्हा काय काढलं, ते अजून कुणी सांगत नाही. पाहुण्याची सरबराई ज्याच्याकडे, रांगोळी त्याच्या घरच्या बायकांनी काढायची. या खेपेला पंतांकडे सरबराई होती ती उद्या सकाळी येणाऱ्या इंग्रज सरकारच्या बेलसाहेबांची. महाराजांना सलामीच्या तोफा सातच ठेवायच्या की नऊ करायच्या, ते त्यांच्या हातात.

पंतांनी साहेबालाच पत्र घालून आडनावाचा अर्थ विचारला होता. उत्तर आलं ते असं. साहेबाचे काका म्हणत, आपले पूर्वज चर्चची घंटा वाजवायचे. आत्या म्हणे, छे, जुन्या फ्रेंच बोलीत बेल म्हणजे देखणा, मूळपुरुष फार देखणा होता. चुलतभावाच्या मते घराणं घंटेची पाटी लावलेल्या दारूच्या दुकानाशेजारी राहायचं. आणि आजी सांगायची, इसाबेल नावाची एक बाई होती, लाडाने बेल, तिची पोरं ती बेल. शेवटी साहेबाने लिहिलं होतं, 'खरं काय ते मलाही ठाऊक नाही. कळलं तर मला जरूर कळवा.'

भुजंगराव महाराज हट्टाला पेटले. रांगोळी एकच, त्यात चारही अर्थ, आणि साहेब रुसता कामा नये. नाहीतर दुभाषी बदलू!

घरात रात्रीच्या जेवणापर्यंत कल्लोळ चालला. घंटा काढावी तर साहेबाला घंटा बडवणारा म्हटल्यासारखं. देखणा पुरुष काढावा, तर साहेबाचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता, थट्टाच वाटायची. दारूचं दुकान काढणं शक्यच नव्हतं. बाई काढावी, तर बाप कोण असं विचारल्यासारखं. सासूबाईंनी बेलाचं पान सुचवलं. पंत म्हणाले, तो आपला बेल, त्याचा नव्हे. "मी काढू?" द्वारका दोनदा म्हणाली. ऐकलं फक्त मांजराने.

पहाटे तिने रांगोळीचा डबा उचलला आणि सगळ्यांच्या आधी राजवाडा गाठला.

महाराज बाहेर आले तर दाराशी एकवीस ओळींत एकवीस ठिपके, आणि रेघ एकही नाही! "हे काय? रांगोळी कुठाय?" महाराजांनी पंतांना विचारलं. ओरडायलाही वेळ नव्हता, साहेबाची बग्गी आत शिरली होती.

द्वारका उठली. रांगोळीची वाटी तिने साहेबापुढे धरली, ठिपक्यांकडे बोट केलं, मग त्याच्या हाताकडे. ती गप्प होती, पण पंतांनी सवयीने त्या गप्पपणाचंही भाषांतर केलं, तेही बरंच लांब.

साहेबाने टोपी काढली आणि गुडघे टेकले. आधी घंटा काढली. ती एका बाजूला कलली, म्हणून तिला डोळे दिले. डोळे आजीसारखे वाटले, म्हणून अंबाडा आणि कानात डूल. डूल मोठे झाले, म्हणून वर छप्पर, बाजूला दार आणि दारापुढे दारूचं पिंप. मग मागे सरून त्याने पंतांना विचारलं, "देखणी आहे ना?" चारही अर्थ आले होते! धूळभरल्या गुडघ्यांनिशीच त्याने नऊ तोफा कबूल केल्या.

महाराज इतके हसले की मंदील डोळ्यांवर आला. हे सुचलं कसं, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या माहेरी नवी सून आली की पहिल्या सकाळी ठिपके घरचे घालतात," द्वारका म्हणाली, "रेघा तिच्या तिने ओढायच्या. नाव ज्याचं, चित्र त्याचं."

महाराजांनी सोन्याच्या पाटल्या मागवल्या, वर आणखी काय हवं ते माग म्हणाले. पंतांच्या मागे उभ्या सासूबाईंनी गळ्याला हात लावून हाराची खूण केली. द्वारकेने ती पाहिली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"महाराज, देव मला जीभ द्यायला विसरलेला नाही. रोज जेवताना पहिली गोष्ट मी सांगेन, आणि ती संपेपर्यंत आमच्या घरात कुणी बोलायचं नाही, एवढा हुकूम काढा. मामंजींना तो दोन्ही भाषांत लागेल, आणि सासूबाईंना रोज नव्याने!"