ईश्वरीचा पेरू

"मग ती म्हणाली तरी काय?"

"'हे माझं झाड नाही,' म्हणाली. बस्स. हातातलं पाणी शेजारच्या झाडाला ओतलं आणि चालती झाली. गुरुजी, दहा वर्षांची पोर! तिला कळलं कसं?"

रंगनाथ गुरुजी हसले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण दुपारच्या सुट्टीत शाळेच्या फळबागेत येऊन बसल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. समोर उभा असलेला धनंजय त्यांचाच विद्यार्थी, आता त्याच शाळेत मास्तर. शेतकीची पदवी चौकटीत घालून देवांच्या शेजारी टांगणारा मास्तर.

बाग त्याचीच कल्पना. पाचवीच्या चाळीस मुलांना पेरूची चाळीस रोपं दिली. ज्याचं त्यानं वाढवायचं, पिकेल ते सगळ्यांनी खायचं. गावात कौतुक झालं. चाळीसच्या चाळीस जगली, असं त्यानं वर शिक्षण खात्याला कळवूनही टाकलं. आता उद्या साहेब बघायला येणार होते.

आणि गेल्या आठवड्यात ईश्वरीचं रोप वाळलं.

रविवारी शाळेत चिटपाखरू नसताना धनंजयने तस्संच दुसरं रोप आणून तिथं लावलं. उंची तीच, पानंही तेवढीच.

"तिच्या रोपाच्या तिसऱ्या पानाला भोक होतं म्हणे," धनंजय कुरकुरला. "पानं बघत बसतं का कुणी एवढी?"

"चौथीत असताना तू माझ्या टकलावरचे केस मोजले होतेस."

धनंजयला हसू आलं, पण टिकलं नाही. "तिला वाटतंय, तिनंच मारलं. आता बागेत पाऊल टाकत नाही. गुरुजी, स्वतःच्या बाटलीतलं पाणी घालायची हो ती त्याला..."

"मेलेलं रोप कुठाय?"

"खतखड्ड्यात."

"आण."

धनंजय पाय ओढत गेला आणि रोप घेऊन येऊन गुरुजींशेजारी बसला. रोपाच्या बुडाशी रोपवाटिकेची काळी पिशवी तशीच होती. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली होती.

गुरुजींनी पिशवीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.



"लागवडीच्या दिवशी पाहुणे खोळंबले होते," धनंजय शेवटी म्हणाला. "मुळांना लागू नये म्हणून ही बया पिशवी हळूहळू सोडवत बसलेली. 'आण इकडे' म्हणून मीच हिसकावलं आणि तसंच खड्ड्यात ठेवलं."

"तिला सांगितलंस?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, गुरुजी. वर्गात माझी काय पत राहील?"

गुरुजींनी ते वाळकं रोप अलगद त्याच्या मांडीवर ठेवलं. मग कुंपणाबाहेर घुटमळणाऱ्या पोरीला हाक मारली, "ईश्वरी! ये गं बाळ इकडे."

ती आली. दोन हातांवर थांबली.

तीनशे माणसांपुढं भाषण ठोकणारा धनंजय एका पोरीपुढं शब्द शोधत होता.

"हे तू नाही मारलंस," तो म्हणाला. "मी मारलं. पिशवी काढलीच नव्हती मी."

ईश्वरी खाली बसली. मुळांवरून बोट फिरवत राहिली.

"मग मी पाणी घालत होते ते?"

"त्यावरच तर इतके दिवस तगलं ते."

तिचे डोळे भरून आले. धनंजयचेही आले, आणि त्यानं ते लपवले नाहीत.

मग ईश्वरीनं बाहीला नाक पुसलं.

"आणि नव्याची?"

"नव्याचं काय?"

"पिशवी."

"काढलीये गं!"

तिनं सरांकडे नीट निरखून पाहिलं.

"बघते," म्हणाली, आणि नव्या रोपाशी उकिडवी बसून दोन्ही हातांनी माती उकरू लागली.

धनंजय ताडकन उठला. "अगं, मुळं हलतील! गुरुजी, उद्या साहेब यायचेत, अडवा तिला! उपटतेय ती!"

गुरुजींनी हाताला धरून त्याला खाली बसवलं.

"उपटत नाही रे," ते म्हणाले. "लावतेय."