गुळगुळीत पाट्या

त्या राज्यात जे काम करत त्यांना डोळे नव्हते, आणि ज्यांना डोळे होते ते काम करत नसत. हे असेच चालत आले होते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. राज्य वाळवीचे होते. माळावर उभ्या असलेल्या एका उंच वारुळात, शेंड्यापासून खाली ओलाव्यापर्यंत, त्याचे बोळ, कोठ्या आणि झरोके पसरलेले होते. खोदणारे, वाहणारे, लिंपणारे असे सगळे कामकरी जन्मांध. त्यांचा सारा कारभार मिशांनी आणि वासाने चाले. पंखवाले तेवढे डोळस. ते वरच्या मजल्यावर राहत, राज्य कसे दिसते याची काळजी वाहत, आणि ऋतू पालटला की उडून जात. मग त्यांच्या जागी दुसरे पंखवाले येत.

मधल्या मजल्यावर नोंदघर होते. ते शाडू सांभाळी. कामकऱ्यांची नावे मातीवरून ठेवण्याची तिथे पद्धत होती, आणि शाडू तिच्या नावासारखीच मऊ, चिकट आणि एकदा धरलेले न सोडणारी होती. नोंदघरात राज्याच्या प्रत्येक भागाची एक मातीची पाटी असे. कुठे बोळ, कुठे भिंत, कुठे कोठी, ते तिच्यावर उठावाने काढलेले असे. कुणी काही नवे बांधले की तो येऊन पाटीवर आपली थुंकी कालवलेल्या मातीचा पातळ हात फिरवी आणि त्यावर नवी खूण काढी. जुनी खूण कुणी पुसत नसे. ती खालच्या थरात तशीच राही. त्यामुळे पाट्या जाडजूड झाल्या होत्या, त्यांना भेगा पडत, आणि एखादी हलवायची म्हटली तर चौघांचे कंबरडे मोडे. पण पाटी जरा खरवडली की मागचा थर लागे, आणखी खरवडली की त्याच्याही मागचा. थर कुणी घातला ते थुंकीच्या वासावरून कळे. घाईत घातला की सावकाश, भीतीने की हौसेने, तेही कळे. भिंत फोडण्याआधी तीन थर खरवडून वाचायचे आणि वाचून झाले की पुन्हा लिंपून ठेवायचे, असा रिवाज होता. याला कुणी सोय म्हणत नसे. श्वास घेण्याला कोण सोय म्हणतो?

त्या ऋतूतल्या पंखवाल्यांचे मुख्य लख्खराव म्हणून होते. एकदा त्यांनी वरून नोंदघरात डोकावून पाहिले आणि त्यांना शिसारी आली. एवढ्या मोठ्या राज्याची माहिती अशी चिखलात बरबटलेली! त्यांनी नव्या पाट्या करवून घेतल्या. त्या पातळ, भाजलेल्या, वर रंगीत झिलई चढवलेल्या होत्या. प्रत्येकीवर फक्त शेवटचा थर उतरवून घेतला, आणि जुन्या पाट्या भिजवून त्यांच्या मातीने राणीच्या दालनाला गिलावा केला. गिलावा उत्तम झाला असे म्हणतात.

खरे सांगायचे तर शाडूलाही नव्या पाट्या आवडल्या. त्या हलक्या होत्या, फुटत नव्हत्या, खुणा ठसठशीत होत्या. पूर्वी बुरशीच्या बागेचा रस्ता शोधायला अर्धा दिवस जाई, तो आता मिशी फिरवताच सापडू लागला. पहिले काही दिवस ती भेटेल त्याला कौतुक सांगत होती.

मग एक दिवस मुरूम आला. मुरूम हा खोदणाऱ्यांतला सगळ्यांत जुना, बोलायला खडबडीत. त्याला एक बोळ रुंद करायचा होता.

"ही भिंत कुणी घातली ते बघ गं जरा."

शाडूने सवयीने पाटीचा कोपरा खरवडला. तिचा पाय सर्रकन घसरला. तिने दुसऱ्या पायाने खरवडले, तोही घसरला. तिला आधी वाटले, आपणच काहीतरी विसरलो आहोत. मग पाटी उलटी केली, आडवी केली, वास घेतला. पाटीला भट्टीचा वास येत होता. सगळ्या पाट्यांना तोच.

"आहे यातच कुठेतरी," ती म्हणाली. "मला सापडत नाहीये."

हे वाक्य ती पुढे बरेच दिवस म्हणत राहिली. नव्या पाट्या समजावून देण्यासाठी लख्खरावांनी जिन्याच्या टोकाशी एक मदतनीस पंखवाला बसवला होता. त्याच्याकडे जाऊन तिने खरवडायचे कसे ते विचारले.

"खरवडायचं कशासाठी?" त्याने विचारले.

"मागचं वाचायला."

"मागचं म्हणजे जुनं ना? जुनं बरोबर असतं तर नवं कशाला घातलं असतं?"

 शाडूला त्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, आणि तरी ते बरोबरही वाटत नव्हते. आजवर किती जणांनी खरवडण्याबद्दल विचारले, असे तिने विचारले, तर तो म्हणाला, "कुणीच नाही, बाई. तुम्ही पहिल्याच." ते ऐकून ती ओशाळली आणि खाली उतरली. बाकीच्यांनी तिलाच विचारले होते, हे तिच्या लक्षात आले तेव्हा जिना संपला होता.

असेच चालले असते, पण कोरडा ऋतू लागला आणि अंडीघर तापू लागले.

हे अंडीघर आणि पलीकडचे एक धाकटे, दोन्ही मळईच्या ताब्यात होती. ती अंडी चाटून ओली ठेवी, उबेचा अंदाज घेऊन त्यांना वरखाली हलवी. ती नोंदघरात आली तेव्हा तिच्या मिशा कोरड्या पडल्या होत्या.

"शाडूताई, खालच्या ओळीची अंडी मिशांना चटके देतायत. मागच्या पावसात पाणी शिरू नये म्हणून झरोका बुजवला होता ना? तो उघडायचा राहिलाय. कुठला होता तो?"

असा झरोका होता खरा. तो बुजवणारा खोदणारा आता हयात नव्हता. पण त्याने नोंद केली होती. वरच्या थरात भिंत, खालच्या थरात झरोका, आणि मध्ये त्याच्या घाईच्या थुंकीचा आंबट वास. शाडूने तो स्वतः हुंगला होता. तिने अंडीघराची नवी पाटी घेतली. पाटीवर अंडीघराभोवती भिंत होती. सगळीकडून भिंत, एकसारखी, सुबक.

झरोका उत्तरेच्या वळणावर होता. की वळणाच्या अलीकडे? ती आठवायचा प्रयत्न करी आणि तिच्या मिशांना ती गुळगुळीत भिंतच आठवे. पाटी इतकी ठाम होती की शाडूला स्वतःचीच शंका येऊ लागली. कदाचित झरोका दुसऱ्याच कोठीला असेल. कदाचित नसेलच. तिला आयुष्यात पहिल्यांदा आंधळे असल्यासारखे वाटले.

चुकीची भिंत फोडली तर वरचा डोलारा अंड्यांवर येणार, हे मुरूमने सांगून ठेवले होते. तेव्हा ती पाटी पाठीवर घेऊन थेट लख्खरावांकडे गेली. वर उडण्याची तयारी चालली होती, जो तो आपले पंख साफ करत होता.

"साहेब, अंडीघराचा बुजवलेला झरोका कुठला ते पाटीवर कळत नाही."

"कळत नाही कसं?" लख्खराव म्हणाले. "तुमची काही माहिती गेलेली नाही, बाई. पक्क्या भिंती तांबड्या, तात्पुरत्या पिवळ्या. मुद्दाम करून घेतलंय."

शाडूने पाटीवरून मिशी फिरवली.

"पिवळी म्हणजे गार लागते की गरम, साहेब?"

लख्खराव हसले नाहीत, कारण त्यांना प्रश्नच समजला नाही. पण ते मनाने वाईट नव्हते. त्यांनी पाटी उजेडात धरली, पाहिली, पुन्हा पाहिली.

"या तर सगळ्याच पिवळ्या दिसतात," ते म्हणाले. "हां, आलं लक्षात. उतरवून घेताना ज्या भिंतींचं काय करायचं ते कळलं नाही, त्या सगळ्या पिवळ्या केल्या होत्या. काही अवघड नाही. कुठली तात्पुरती आहे ते तुम्ही सांगा, बाकीच्या आम्ही तांबड्या करून टाकतो."

"तेच विचारायला मी आलेय, साहेब."

"अगदी बरोबर," लख्खराव म्हणाले. "समजलं की सांगा."

ती खाली आली तेव्हा मुरूम अंडीघराच्या भिंतीला मिशा लावून बसला होता. पाटीत नसेल तर भिंतीत असेल, असा त्याचा साधा हिशेब. मग त्या दोघांनी भिंतच खरवडायला घेतली. वीतभर खरवडायचे, हुंगायचे, नाही म्हणून लिंपायचे, पुढे सरकायचे. जुन्या पाटीवर जे काम चार श्वासांत होई त्याला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी, उत्तरेच्या वळणाच्या बरेच अलीकडे, मातीतून तो आंबट वास आला.  मुरूमने भिंत फोडली आणि गार हवा आत आली.

वरच्या ओळी वाचल्या. खालच्या दोन ओळी वाळून गेल्या होत्या. मळई एकेक अंडे उचलून बाहेर नेत होती, नेण्याआधी सवयीने चाटत होती. शाडूने तिला मदत केली. तिला रडू येत होते आणि रागही येत होता, पण राग कुणावर धरायचा ते काही केल्या कळत नव्हते. पाटी खोटे बोलली नव्हती. तिथे भिंत होतीच.

त्या दिवशी परत आल्यावर शाडूने अंडीघराची पाटी पालथी केली. मागची बाजू खरखरीत होती, तिला झिलई नव्हती. तिने तोंडात माती कालवली आणि पाटीच्या पाठीवर एक पातळ हात फिरवला: इथे झरोका, पावसात बुजवला, कोरड्यात उघडला, मुरूमने. मुरूमने त्यावर आपली थुंकी लावली. हे कुणी कुणाला शिकवले नाही, पण दुसऱ्या दिवशी बुरशीच्या बागेचे माळी आले, मग पाणी वाहणारे आले, आणि हळूहळू सगळ्याच पाट्यांच्या पाठी ओल्या राहू लागल्या. कामकरी आता पाटी उतरवत ती थेट पालथी करायलाच. लख्खराव वरून पाहत. पाट्या सारख्या काढल्या-ठेवल्या जात आहेत, त्यांच्यापुढे रांग लागते आहे, हे पाहून त्यांना भरून आले. आपल्या पाट्यांवाचून कामकऱ्यांचे पान हलत नाही, असे राणीला कळवून ते समाधानाने उडून गेले.

पुढच्या पंखवाल्यांचे मुख्य झळकराव होते. त्यांनी आल्या आल्या पाट्यांची पाहणी केली आणि त्यांना दोन गोष्टी आढळल्या. पाट्या वारंवार हाताळल्याने कडा झिजत होत्या, आणि ठेवणीतल्या दोषामुळे मागच्या बाजूला चिखल साचत होता. उपाय सोपा होता.

पुन्हा कोरडे दिवस लागले तेव्हा शाडू एका सकाळी कामावर आली, तो पाट्या खुंट्यांवर नव्हत्या. त्या भिंतीत बसवल्या होत्या, पुढची बाजू बाहेर, कडा भिंतीशी एकजीव. तिने अंडीघराच्या पाटीवर मिशा टेकवल्या. वरच्या कडेने गेली, खालच्या कडेने गेली, दोन्ही बाजूंनी गेली. पाटी संपे तिथे भिंत लागे. पाटीला मागची बाजूच उरली नव्हती. तरी ती पुन्हा एकदा चारही कडांनी फिरली.

तेवढ्यात मागून मुरूम धापा टाकत आला. "शाडू, दुसरं अंडीघर तापलंय. मळई बोंबलतेय. कुठला झरोका उघडायचा, मागं काय लिहिलंय आपण?"

 शाडूच्या पायाला ओल लागली होती. बसवण्याआधी पाट्या कुठेतरी वरच्या अंगाला धुतल्या गेल्या होत्या, आणि त्या पाण्याची एक बारीक धार नोंदघरातून उताराला लागली होती. तिने धारेत मिशी बुडवली. धारेला मुरूमचा वास होता. मागोमाग माळ्यांचा आला, पाणी वाहणाऱ्यांचा आला, मग तिचा स्वतःचा.

"अगं, कुठली भिंत फोडू?" मुरूम ओरडला.

धार खाली कोरड्या मातीत जिरत चालली होती, आणि ती जिरायच्या आत वाचून घ्यावी म्हणून शाडू दोन्ही मिशा जमिनीला टेकवून तिच्या मागे उताराने धावत सुटली होती.