राजवाड्यावरची साळुंकी

एका राज्यात धान्याचं कोठार जळालं आणि आत झोपलेले हमाल जळून राख झाले. तेव्हा राजा वज्रसेनाने जादूगाराला बोलावलं. जादूगाराने रानातल्या साळुंक्यांना माणसांची भाषा दिली आणि घराघराच्या वळचणीला एकेक साळुंकी बसवली. दिवसभर कानी पडलेलं सगळं साळुंक्या रोज संध्याकाळी दरबारात ठेवलेल्या जादूगाराच्या काळ्या घंगाळापाशी बोलून दाखवत. तेल, चिंध्या आणि अंधारात जमणारी माणसं, या तीन खुणा ज्या घरी जुळत, त्या घराचा धनी घंगाळातल्या पाण्यात दिसे. पहिल्याच महिन्यात खरा आगलाव्या सापडला. लोकांनी कौतुकाने साळुंक्यांना दाणे घातले.

मग पाण्यात केतकी नावाच्या मुलीचे वडील दिसले.

केतकीच्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरी देवीचा गोंधळ घालायचा होता. दिवट्यांसाठी वडिलांनी तेल आणलं, जुनी धोतरं फाडली, साऱ्या आळीला रात्रीचं आवतण दिलं. शिपाई त्यांना घेऊन गेले. आम्हाला आवतण नव्हतंच, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

केतकी दरबारात गेली. तिचा आवाज मुळातच बारीक.

"पोरी, जरा मोठ्याने," प्रधान म्हणाला. "हे तर साळुंकीलाही ऐकू जायचं नाही."

दरबार हसला. तिने पुन्हा सांगितलं, की एक साळुंकी राजवाड्यावरही बसवावी.

"बसवा," राजा म्हणाला. "आमच्या घरी लपवण्यासारखं काय आहे?"

तिसऱ्या संध्याकाळी पाण्यात राजा दिसला. मशालींचं तेल, पलित्यांच्या चिंध्या, रात्री पहारा बदलणारे शिपाई. तिन्ही खुणा जुळल्या होत्या. शिवाय महाराज राणीसाहेबांपाशी भीतीने रडतात, हेही साळुंकीने भरदरबारात सांगितलं.

"आमच्या घराची गोष्ट वेगळी," राजा म्हणाला.

"आमचंही घरच होतं, महाराज."

"आणि उद्या पुन्हा कोठार जळलं तर?"

केतकी म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही. पण ते बाबांनी जाळलं नव्हतं."

राजाने लाथेने घंगाळ उलथवलं. तिच्यासाठी नव्हे, स्वतःच्या लाजेपायी. पाणी फरशीवर सांडताच मंत्र उतरला. साळुंक्या माणसांची भाषा विसरून रानात गेल्या, तुरुंगाची दारं उघडली, राज्याचा कारभार पुन्हा सुरळीत चालू लागला.

वडील घरी आले. जेवायला काय करू, असं केतकीने विचारलं. त्यांनी उठून आधी खिडकी लावली. साळुंक्या गेल्या, बाबा, आता कोणी ऐकत नाही, असं तिने समजावलं. त्यांनी मान हलवली, दुसरीही खिडकी लावली आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "भाकरी."