शेपटीकडे तोंड केलेला राजा

चोरांनो, तुम्ही लोकांचा शिमगा चोरलात. तोही भरबाजारात, ढोल वाजवून, वर मिठाई वाटून. म्हणून चोरी झाल्याचे कोणाला कळलेच नाही.

एका राज्यात, जेथे नद्या सणाला उलट्या वाहत आणि दुसऱ्या दिवशी मुकाट परत फिरत, एक जुनी रीत होती. धुळवडीला राजाने सिंहासन सोडायचे. त्यावर प्रजेतले कोणी एक बसायचे, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचा शब्द राजानेही पाळायचा. राजाने गाढवावर उलटे, शेपटीकडे तोंड करून बसायचे. का? तर पुढे तोंड केले की नुसता रस्ता दिसतो; मागे तोंड केले की ज्यांना ओलांडून आलो ती माणसे दिसतात. माणसांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकायची आणि वर्षभराचे गाऱ्हाणे त्याच्या तोंडावर फेकायचे.

उदग्रसेन राजाला ते सोसेना. त्याने रीत मोडायला काढली, तेव्हा मायाधर मांत्रिक म्हणाला, "मोडू नका, महाराज. मोडली तर लोक चिडतील. सजवा."

मग लाकडाचे गाढव आले, चांदीने मढवलेले, आठ भोयांच्या खांद्यावरचे. राजा त्यावर पुढे तोंड करून बसला. राजवाड्यातून मुखवटे फुकट वाटले गेले. मुखवटा चढवला की हसू फुटे. काढू म्हटले तर निघत नसे. तळे आटले, लोक हसले. तरणी मुले राजाच्या खाणीत ओढून नेली, लोक हसले. सिंहासनावर बसवलेला मुखवट्यातला माणूसही हुकूम देईना, नुसता हसे. आणि म्हणे शिमगा चालूच आहे!

ते मुखवटे हैबती चिताऱ्याने रंगवले होते. त्याने रंग दिला, मायाधराने फुंकर घातली, आणि पहिला मुखवटा हैबतीच्याच तोंडावर बसवला. त्याच्या मुलीला, राहीला, तेव्हा देवी आल्या होत्या. तोंडभर फोड, म्हणून ती तेवढी मुखवट्यावाचून राहिली. पुढे तिची आई गेली. हैबती चितेपाशी उभा राहून खो खो हसला. त्या दिवसापासून राहीच्या पोटात आग होती, पण ती बापावरची नव्हे.

होळीच्या सकाळी एक टिटवी छपरावर उतरली.

"राही, मुखवटे आल्यापासूनची उद्या तिसरी धुळवड. उद्या सूर्य मावळला की मुखवटे हाडाला चिकटतील. मग तुझा बाप सरणावरही हसत जाईल."

"मी काय करू?"

"सिंहासन माग. जुना नियम आहे: राजापाशी नसलेल्या तीन वस्तू आणील, त्याला कोणी अडवू शकत नाही. चोरीचे लाकूड, न झुकणारे जनावर, आणि तोंडावर खाल्लेली शिवी."

"चोरीचं लाकूड राजापाशी नाही? सगळं राज्य लुटलंय त्यानं!"

"राजा चोरत नसतो, पोरी. तो घेतो."

होळीसाठी लाकूड चोरणे हा तर त्या राज्यात हक्कच होता. राही भरदुपारी राजवाड्यात शिरली आणि लाकडी गाढवाचा मागचा पाय करवतीने कापून काखोटीला मारून बाहेर आली. पहारेकऱ्यांनी पाहिले. मुखवट्याआडून ते पोट धरून हसले.

मग ती गोजा कुंभारणीकडे गेली. गोजाचे गाढव कोणाला जुमानत नसे. "मावशी, उद्यापुरतं देतेस?" गोजाने हसत हसत दावे हातात दिले. गाढवाने राहीला दोनदा चावून पाहिले आणि मग स्वतःच्या मर्जीने चालू लागले.

आता शिवी. पण हसणाऱ्या राज्यात शिवी देणार कोण? राही घरी आली. बापाचा खारीच्या केसांचा कुंचला तिने उचलला.

"बाबा, मोडते."

तो हसला.

"आईनं बांधलेला आहे. मोडते हं."

तो हसला. तिने कुंचला गुडघ्यावर मोडला.

हसू घशात अडकले. मुखवट्याच्या कपाळावर बारीक तडा गेला, आणि आतून घोगरा आवाज आला: "भवाने! हात झडोत तुझे! तिची एवढीच खूण उरली होती!"

राहीचे डोळे भरून आले. दोन वर्षांत बाप आज पहिल्यांदा तिच्याशी बोलला होता. "आणखी दे, बाबा," ती म्हणाली.

धुळवडीला ती दरबारात उभी राहिली. लाकूड ठेवले, गाढव उभे केले.

"शिवी कुठे आहे?" मायाधराने विचारले.

"लागलीय मला. दिसायची नाही, पण पुसायचीही नाही."

सिंहासनाचे दगडी सिंह बाजूला सरकले. राही बसली. "राजानं गाढवावर बसावं. शेपटीकडे तोंड करून."

"लाकडी गाढव लंगडे झाले आहे, बाई," मायाधर म्हणाला.

"म्हणून तर जिवंत आणलंय."

वरात निघाली. राजासमोर हसऱ्या तोंडांची रांग सरकू लागली, सगळी सारखी. एवढ्यात गर्दीतून हैबती पुढे आला. त्याने तडकलेल्या मुखवट्यावर हात मारून बोंब ठोकली. "राजा, मी माझ्या बायकोच्या चितेपाशी हसलो! तुझ्यापायी हसलो!"

राजाने नजर फिरवायला जागा शोधली. उलट्या बसलेल्याला ती नसते. हैबतीचा मुखवटा दोन तुकडे होऊन खाली पडला. मग शेजारणीचा, मग तेल्याचा, मग साऱ्या बाजाराचा. कौले निसटावीत तसे. "आमचं तळं कुठाय?" "माझा लेक खाणीतून आण!" बोंबांनी आभाळ दणाणले. मायाधराने घाईने स्वतःच्या तोंडाला हात लावला. तेथे तोंड नव्हतेच. झगा तेवढा रिकामा होऊन खाली बसला. सेवकांनी त्याची घडी घातली.

राहीने खाणी उघडवल्या. उन्हे कलायच्या आत मुले घरी आली, आणि तळ्याला तळाशी पाझर फुटला.

सूर्य मावळला, तशी ती सिंहासनावरून उतरली. "बसून राहा, बाई," लोक म्हणाले.

"मावळल्यावरही जो उठत नाही, त्याच्याचसाठी गाढव लागतं," राही म्हणाली आणि बापाचा हात धरून चालू लागली. तो रडत होता, मोठ्याने, मनसोक्त.

राजा मात्र अजून गाढवावरच होता. "अर्धा बाजार ऐकायचा राहिला आहे," तो बसक्या आवाजात म्हणाला.

गोजा कुंभारणीने दावे हातात घेतले. "मग उद्या पायी या, महाराज. माझ्या गाढवाला उद्या माती वाहायची आहे."