दिवेलागणीची हाक

"...पण खरं सांगा महाराज, इतकी माणसं आपल्या मठात कधी आली होती?"

अंबादासरावांनी हात फिरवून सगळी बाग दाखवली. ते आता गावचे नगराध्यक्ष. पडक्या मठाच्या जागी ही बाग त्यांनीच उभी केली होती. गुरूच्या तोंडून एकदा 'बरं केलंस' ऐकायला मिळावं, म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता.

दौलतपुरी महाराज बाकावर बसून कारंजं बघत होते. तिथे पूर्वी मठाची विहीर होती. जोत्याचे दगड झेंडूच्या वाफ्यांना लागले होते. दगड वाया गेले नाहीत, एवढं मात्र कबूल करायला हवं.

"नव्हती आली," महाराज म्हणाले.

"मग? मी मठ सोडला तेव्हा..."

"तेव्हा तू उपाशी होतास."

अंबादासरावांची मान खाली गेली.

दिवेलागणीला, जेवायला बसण्याआधी, महाराज मठाच्या दारात उभे राहून हाक द्यायचे, "कोणी बाहेर राहिलंय का?" जो 'ओ' देईल त्याचं पान आत मांडलं जाई. मग होती त्याच भाकरीचे आणखी तुकडे पडत. एका संध्याकाळी तरणा अंबादास चिडून पानावरून उठला, तो गेलाच. त्याचं बघून बाकीचेही पांगले. माणसंच उरली नाहीत, तेव्हा भिंती तरी कोण सावरणार? फार वाईट झालं ते, आणि हे अंबादासरावांना फार उशिरा कळलं होतं.

"मी गेल्यावर... महाराज..."

"हाक देतच होतो."

...

शिट्टी वाजली. पहारेकरी काठी आपटत आला. "चला, चला, बाग बंद! कोणी आत राहिलंय का?"

"तुम्ही बसा महाराज. मी सांगतो त्याला."

पण महाराज केव्हाच उठले होते. अंबादासराव मुकाट्यानं त्यांच्यामागून बाहेर आले. फाटकाला कुलूप लागलं.

महाराज फाटकाकडे पाठ करून, पूर्वी दारात उभे राहत तसे उभे राहिले. आवाज आता पार बारीक झाला होता.

"कोणी बाहेर राहिलंय का?"

अंबादासराव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ओ... मी आहे, महाराज."

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वळून कुलपाकडे पाहिलं.

"ये रे, अंबादास... पण तुझं पान कुठं मांडू?"