पाणजाईच्या तळ्याचा उणा हात

हिवरखोपला पाणजाईच्या देवळामागं एक तळं आहे. ताटासारखं गोल, भर उन्हाळ्यातही न आटणारं. काठाचे दगड सगळे तांबूस. एकच काळा, जेमतेम हातभर लांबीचा. देवळाचे गुरव तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात आणि त्याची हकीकत सांगतात, ती अशी.

फार पूर्वी या खोऱ्यात लागोपाठ दुष्काळ पडले. तेव्हा गावानं देवीला नवस बोलला, "आई, पाणी दे. तुझ्या अंगणातली फरशी काढून तिचाच तळ करू आणि तुझ्या परडीसारखं गोल तळं बांधू. त्या फरशीतला एक तुकडा उरू देणार नाही, तळाला बाहेरचा एक घालणार नाही." पुढं डोंगराच्या कुशीत झरा फुटला, म्हणे, आणि नवस फेडायची वेळ आली.

काम आलं रखमोजी पाथरवटाकडं. अंगण चौरस होतं, वीस हात लांब आणि वीस हात रुंद. तेवढीच फरशी आता गोलात बसवायची होती. म्हणजे तळ्याचा पसारा आधीच ठरलेला होता. त्याला घेर किती लागेल, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आणि काठाचे दगड तर खिंडीपलीकडच्या खाणीतून आधीच घडवून आणायचे होते. रखमोजीला त्याची चिंता नव्हती. बापानं त्याला एक माप शिकवलं होतं : चौरस मोडून तेवढाच गोल केला, तर त्याचा घेर चौरसाच्या एका बाजूच्या साडेतीनपट. विसाचे साडेतीनपट सत्तर. सत्तर हात काठ त्यानं घडवून आणला.

तळाला फरशी लागली. कडेला तुकड्याशी तुकडा जुळवून गोल भरला. मग काठ बसवत बसवत गडी शेवटाला आले, तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. मध्ये हातभराला थोडी कमी अशी फट राहिली. रखमोजीनं ती खडी आणि चुन्यानं भरून काढली. झऱ्याचं पाणी आत सोडलं, मागची माती भिजली, फट फुटली आणि शेजारचे दगड एकामागून एक आत घसरले. पुन्हा बांधलं. पुन्हा तेच झालं.

मग सटवाजी भगताच्या अंगात आलं. "माझा एक हात उणा आहे," देवी त्याच्या तोंडून बोलली, "माझा हात मला द्या."

गावानं त्याचा अर्थ लावला तो एकच. हात म्हणजे माणूस, देवीला माणसाचा बळी हवा. आणि बघता बघता सगळ्यांच्या नजरा रखमोजीच्या घराकडं वळल्या. त्याचा मुलगा पटकीत गेला होता. मागं राहिलेली सून जिऊ, तिला माहेरचंही कुणी नव्हतं. "जिच्यामागं रडायला कुणी नाही, तिला द्यावी," असं कोणीतरी म्हणालं, आणि कोणी नाही म्हटलं नाही.

रखमोजी घरी आला. जिऊ सुपात ज्वारी पाखडत बसली होती.  तो भिंतीकडं तोंड करून बसला.

"मामंजी, मला पाणवठ्यावर कळलंय," जिऊच म्हणाली. "तुम्ही नका तोंड लपवू."

"माझे दगड कमी कसे पडले, पोरी? बापाचं माप कधी चुकलं नाही."

"मग मोजून बघा की. मला जायचंच आहे, तर कशापायी जाते ते तरी कळू दे."

 त्यानं सारवलेल्या भुईवर कोळशानं हातभर लांब, हातभर रुंद चौरस काढला. जिऊनं त्यात ज्वारी पसरली, दाण्याला दाणा लागून, एकावर एक न येऊ देता. मग तेच दाणे गोळा करून दोघांनी तसेच एकेरी, पण गोल मांडले. साडेतीन हात सूत घेऊन रखमोजीनं त्या गोलाला वेढा दिला. सुताची टोकं भेटली नाहीत. बोटभर अंतर उरलं. त्यानं दाणे मोडून पुन्हा मांडले, आणखी एकदा मांडले. दर खेपेला बोटभर उणंच.

"हाताला एक बोट," तो पुटपुटला, "तर वीस हातांना वीस बोटं."

हात चोवीस बोटांचा, तेव्हा वीस बोटं म्हणजे जवळजवळ हातच. त्याला रडू फुटलं. बापानं जन्मभर विहिरी बांधल्या होत्या, लहान घेराच्या. तिथं ती चार-पाच बोटं सांध्यांतल्या चुन्यात जिरून जात. एवढा मोठा गोल त्याच्या बापानं कधी बांधलाच नव्हता.

सकाळी तो पाटलांपुढं उभा राहिला. "देवीनं हात मागितला, ते खरं आहे. पण तो दगडाचा. माप माझ्या घरचं उणं होतं."

"जीव वाचवायला बापाला खोटं पाडतोस?" सटवाजीनं विचारलं.

"पाडतो," रखमोजी म्हणाला. "बाप असता तर त्यानंही पाडलं असतं."

खाणीपर्यंत जाऊन यायला गाव सवड देईना. तेव्हा त्यानं स्वतःच्या घराचा काळा उंबरा उखडला, फटीएवढा घडवला आणि ठोकून बसवला. सगळे दगड एकमेकांना भिडले. मग तो तळ्यात उतरला आणि त्या काळ्या दगडाला पाठ लावून उभा राहिला. "सोडा पाणी. फुटलं तर आधी माझ्यावर येईल."

पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. तेवढ्यात जिऊ गर्दीतून पुढं आली आणि त्याच दगडावर, त्याच्या डोक्यामागं, पाय सोडून बसली. कोणी तिला उठवलं नाही. पाणी रखमोजीच्या छातीला आलं, गळ्याशी आलं. दगड हलला नाही. मग म्हणे सटवाजीनंच आधी हात जोडले.

आजही हिवरखोपात नवी सून आली की घरात घेण्याआधी तिला तळ्यावर आणतात. सासरा पाण्यात उतरून त्या काळ्या दगडाला पाठ लावतो आणि सून वर बसते. तिचे पाय त्याच्या खांद्याला लागतात. एरवी वडीलधाऱ्याला चुकून पाय लागला, तर सून वाकून नमस्कार करते. इथं तिला वाकू देत नाहीत.